तेच आणि तसंच

सेवालालचं लग्न झालं ते साल दोन हजार तेवीस. मदनसिंग राठोडच्या घरातलं ते पहिलं लग्न, आणि तेही धाकट्याचं. थोरली राखी अजून बिनलग्नाची, म्हणून मांडवात बायका कुजबुजल्या. पण राखीनं त्याच महिन्यात वाशीमला नोकरी धरली होती, आणि नोकरीवाल्या पोरीला तोंडावर बोलायची तांड्यात कोणाची टाप नव्हती. त्या लग्नाला वर्ष पुरं व्हायच्या आत पुढचं सगळं घडलं.

धनजहून आत कच्च्या रस्त्यानं गेलं की आधी खालचा तांडा लागतो. ओढा ओलांडून चढ चढला की माळावर वरचा तांडा. नवा पाहुणा वर पोचला की थबकतो. त्याला वाटतं, आपण आत्ता इथूनच तर आलो. नाईकाचं घर, त्याला लागून सेवाभायांचं, म्हणजे बंजाऱ्यांच्या संताचं, मंदिर, मंदिरासमोर राठोडांचं दार, राठोडांच्या पाठीला चव्हाण, चव्हाणांच्या डाव्या अंगाला पवार. खाली जसं, वरही तसंच.

त्याचं कारण जुनं आहे. तलावाचं पाणी वाढलं आणि निम्मा तांडा उठवायची वेळ आली, तेव्हा गुलाबसिंग नाईक जिवंत होता. त्यानं ठरवलं, प्रत्येक घरातला थोरला भाऊ खाली राहील आणि धाकटा वर जाईल. पण वर गेला म्हणून कोणाचा शेजार तुटायचा नाही. खाली ज्याच्या दाराला ज्याचं दार, वर त्यांच्या भावांची दारंही तशीच लागून. माळ उताराचा, जागा वाकडीतिकडी, म्हणून घरं कुठं लांब पडली तर कुठं दाटीनं बसली. पण कोणाला कोण लागून, यात नाईकानं बोटभर फरक पडू दिला नाही. खाली पवार-चव्हाणांचा मोरीच्या पाण्यावरून तंटा होता, तो वरही सुरू झाला. लोक म्हणत, नाईकानं भांडणंसुद्धा मोजून वर नेली. पुढं वीज आली. खांब दारांच्या मागोमाग गेले, तारा खांबांच्या मागोमाग. दोन्ही तांड्यांना आपापली डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची पेटी, आणि आपापली लाइन. तारांचं जाळंही तसंच्या तसं.

राखीला हे गणितात उपयोगी पडलं. एम.एस्सी.च्या वर्गात सरांनी फळ्यावर दोन आकृत्या काढल्या, एक ताऱ्यासारखी आणि दुसरी चोळामोळा केलेल्या जाळीसारखी. सर म्हणाले, "आलेख म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. ह्यातला एकेक ठिपका त्यातल्या एकेका ठिपक्याशी असा जुळवायचा, की इथं रेघ असेल तर तिथंही असावी आणि इथं नसेल तर तिथंही नसावी. अशी जुळवणी लागली की दोन्ही आलेख समरूप." वर्ग वहीत उतरवू लागला. राखी मात्र हसली.

"हसायला काय झालं?"

"सर, आमचे दोन तांडे आहेत."

तिनं फळ्याजवळ जाऊन दोन्ही तांडे काढले. सर खूश झाले, आणि मग त्यांनी विचारलं, "आता सांग, हे दोन तांडे म्हणजे एकच का?"

"नाही सर. जेवायला मी खालीच जाते."

अख्खा वर्ग हसला.

वाशीमला तिला जी नोकरी लागली ती एका ठेकेदार कंपनीत. स्टेशन रोडला दुकानांच्या वर दोन खोल्यांचं ऑफिस. जिल्ह्यातल्या विजेच्या जाळ्याचा नकाशा संगणकात बसवायचा ठेका त्यांनी घेतला होता. कुठला खांब कुठल्या डीपीचा, कुठली डीपी कुठल्या लाइनीवर, कुठली लाइन आत्ता चालू आणि कुठली बंद, हे उपकेंद्रातल्या ऑपरेटरला पडद्यावर आणि लाइनमनला मोबाइलवर दिसायला हवं होतं. संगणकाला डीपी म्हणजे काय ते आपोआप कळत नाही. जगात कोणकोणत्या वस्तू आहेत, कशाचं कशाशी नातं आहे आणि त्यातून पुढं काय निघतं, हे त्याला एका नेमक्या भाषेत आधी सांगून ठेवावं लागतं. त्या सांगण्याला ऑफिसात ऑन्टॉलॉजी म्हणत. राखीचं काम तेच.

सुरुवातीलाच घोळ निघाला. जुन्या नकाशात एक लाइन एका नावानं होती आणि नव्या पाहणीत तीच दुसऱ्या नावानं. अशा दुहेरी नोंदी जिल्हाभर. नकाशा एका गावात दोन डीप्या दाखवायचा आणि जाऊन पाहावं तर एकच. विकास म्हणून तिचे साहेब होते, अकोल्याचे, चाळिशीतले, बोलायला गोड. ते म्हणाले, "जाळ्याचा आकार जुळला अन् घरांची आडनावं जुळली, की समजायचं एकच हाय. करून टाक."

राखी करायला बसली, आणि अडली. ती भाषा वस्तूंबद्दल बोलू शकत होती. ही वस्तू, ती वस्तू, त्यांच्यातलं नातं. पण 'ह्या अख्ख्या जाळ्याची त्या अख्ख्या जाळ्याशी जुळवणी लागते' हे बोलायला तिच्यात जागाच नव्हती. जुळवणी ही काही वस्तू नव्हे, ती ठिपक्याठिपक्याची जोडणी, आणि 'अशी एखादी तरी जुळवणी आहे' असं म्हणायला त्या भाषेला तोंड नव्हतं. मग राखीनं जुळवण्या बाहेर दुसऱ्या प्रोग्रामनं शोधल्या. त्यांचा निकाल आत नोंदवायला तिनं 'समरूप' नावाचं नवं नातं तयार केलं. यंत्रानं ते निमूट ठेवून घेतलं आणि त्यावरून काहीच केलं नाही. त्याला तो शब्द म्हणजे भिंतीला चिकटवलेला कागद. दुहेरी नोंदी जागच्या जागी राहिल्या.

विकास साहेब मागं येऊन उभे राहिले. "अगं, तयार नातं हाय ना या भाषेत. 'तेच'. ते वापर."

"सर, 'तेच' म्हणजे तीच वस्तू. समरूप म्हणजे तशीच वस्तू. दोन्हींत फरक आहे."

"हाय ना फरक. पण ह्या जिल्ह्यात कुठं दोन लाइनी तंतोतंत सारख्या राहणार? अन् वर आडनावंही तीच? लावून पाह्य, सगळं कसं सुतासारखं होते ते."

तिनं लावून पाहिलं. खरंच सुतासारखं झालं. संध्याकाळपर्यंत जिल्ह्यातल्या दुहेरी नोंदी गळाल्या आणि नकाशा धुतल्यासारखा स्वच्छ दिसू लागला. साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी राखीनं सहज आपला तांडा उघडला. पडद्यावर एकच तांडा होता.

 याडीचं, म्हणजे तिच्या आईचं, घर आणि वरच्या तांड्यातल्या रंगूकाकीचं घर एकाच ठिपक्यात बसलं होतं. मधला ओढा कुठंच नव्हता. तिनं खालच्या तांड्याची लाइन 'बंद' अशी लिहिली. मग वरच्या तांड्याचं नाव घालून विचारलं, ही चालू की बंद? यंत्रानं उत्तर दिलं, बंद. त्याची चूक नव्हती. दोन वस्तू म्हणजे 'तेच' असं एकदा सांगितल्यावर एकीबद्दल जे खरं ते दुसरीबद्दल खरं. राखीनं दोनदा, तीनदा विचारलं. यंत्र न थकता बंद म्हणत राहिलं. आणि त्या तांड्यांच्या खांबांवर चढणारा कंत्राटी लाइनमन तिचा भाऊ होता.

तिनं त्या दोन लाइनींपुरतं एक वाक्य घातलं, 'ह्या दोन वेगळ्या आहेत.' यंत्रानं लाल अक्षरांत विसंगती दाखवली आणि सगळं काम थांबवलं. तेच आणि वेगळंही, हे त्याला पचेना. अख्खा जिल्हा ठप्प.

विकास साहेब धावत आले. "काय केलंस?"

"सर, हे दोन तांडे आहेत. एक नाही. मी तिथलीच आहे."

"अगं, सोमवारी काम सुपूर्द करायचं हाय. अख्खा जिल्हा उभा राह्यला अन् तू दोन तांड्यांसाठी अडून बसली?"

"'तेच' काढून टाकावं लागेल. प्रत्येक जोडी जाऊन तपासावी लागेल."

"जाऊन? कोण जाईल? तू?" मग त्यांनी आवाज खाली आणला. "पाह्य, लाइनमन काही मोबाइल पाहून चढत नाही. तो आधी तपासते, मगच तारेले हात लावते. पुढच्या खेपेले सुधारून घेऊ. तुझं नाव मी वरच्यांले सांगितलं हाय, नव्या प्रोजेक्टसाठी. आता त्याच्यावर पाणी नको फिरवू."

साहेबांनी स्वतःच्या हातानं ते वाक्य पुसलं. लाल अक्षरं गेली. सोमवारी नकाशा सुपूर्द झाला. 

होळीला ती घरी गेली. बंजाऱ्यांची होळी म्हणजे तांडा तीन दिवस जागा. अंगणात सेवालालसोबत अजहर बसला होता. हा कारंजाचा. त्याच्या बापाचं, चांद खानांचं, जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान. अजहर सेवालालच्याच टोळीतला लाइनमन, त्याच्याइतकाच उंच, हसला की डोळे मिटायचे. याडी त्याच्यापुढं ताट घेऊन उभी होती.

"याडी, रोजा हाय माझा."

"एक घास खाल्ल्यानं काय होते रे?"

"अल्ला विचारंल तं तुमचं नाव सांगू?"

"सांग. म्हणा मदनसिंगच्या बायकोनं बळंच खाऊ घातलं." याडी हसली, आणि तिनं ताटातलं सगळं डब्यात भरून त्याच्या मोटरसायकलला बांधलं. "सूर्य बुडाल्यावर खाजो. तुझ्या आईले, नाजियाले पण देजो."

"देतो याडी. पण ती म्हणते, तांड्याच्या जेवणात मिरची लय."

ह्या दोघांची वाटणी ठरलेली होती. ईदच्या दिवशी अजहरची ड्यूटी सेवालाल करायचा आणि रामनवमीला सेवालालची अजहर. दरसाल. ह्या साली तर सेवालालची नवी बायको रूपाली पहिल्यांदा नवमीला पोहरादेवीच्या यात्रेला जाणार होती. नव्या सुनेला पहिली नवमी चुकवता येत नाही.

"ईद तुझी, नवमी माझी," अजहर म्हणाला. "पण प्रसाद आणजो. मागच्या साली नुसतं नारळाचं टरफल आणलं होतं या कंजुसानं."

राखीनं सेवालालला घरामागं बोलावलं.

"काय बाई? एवढं तोंड पाडून काहून?" सेवालाल थोरल्या बहिणीला बाईच म्हणायचा.

"सेवा, मोबाइलवर लाइन बंद दाखवली तरी चढू नको. स्वतःच्या हातानं डीपी पाडून लाइन बंद केल्याशिवाय नाही. आपल्या दोन तांड्यांवर तं नाहीच."

"ते तं तूच बनवलं ना? सगळ्यांले सांगून राह्यलो मी, माझ्या बाईनं बनवलं हाय म्हणून."

"म्हणूनच सांगून राह्यली. त्याच्यात चूक हाय. त्याले आपले दोन तांडे एकच वाटते."

सेवालाल आधी हसला. मग तिचा चेहरा पाहून हसायचा थांबला. "मंग अजहरले सांगतो."

राखीनं अंगणाकडं पाहिलं. अजहर मोटरसायकलच्या आरशात केस नीट करत होता.

"आताच नको," ती म्हणाली. "दहा जणांच्या तोंडी जाईल. माझं नाव निघंल, नोकरी जाईल. पुढच्या खेपेले सुधारणार हाय ते. तोवर तू सांभाळ. कोणाले सांगणार नाही अशी माझी शपथ घे."

सेवालालनं तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. राखीला हलकं वाटलं. रात्री ढोलावर ती बायकांसोबत नाचलीसुद्धा.

ईद आली, गेली. सेवालालनं अजहरची ड्यूटी केली आणि संध्याकाळी कारंजाला जाऊन शीरखुर्मा पिऊन आला. मग नवमीच्या आदल्या संध्याकाळी अवकाळी वारं सुटलं. आंब्याच्या कैऱ्यांचा सडा पडला, पत्रे उडाले. सकाळी आभाळ मोकळं होतं आणि मदनसिंगचं घर गाडी करून पोहरादेवीला निघालं.

पोहरादेवीला माणसांचा महापूर होता. पांढरे झेंडे, ट्रॅक्टरवर बायका, धुळीनं भरलेली पोरं, भोंग्यांचा कालवा. रूपालीनं डोक्यावर पदर धरून दर्शन घेतलं. बाहेर येऊन सगळे एका लिंबाच्या सावलीला बसले. सेवालालनं प्रसादाची पिशवी राखीच्या हातात दिली.

"ही अजहरची वेगळी ठेव. आज बिचारा लय घामाघूम होत असंल. रातच्या वाऱ्यानं आपल्या दोन्ही तांड्यांच्या तारा लोंबल्या. गाडी अन् बाकीची टोळी इकडं यात्रेच्या लाइनीवर आणली, तारेतली वीज जमिनीत उतरवायचं अर्थिंगचं सामानही गाडीतच. तो एकटाच गेला तिकडं."

राखीच्या हातातली पिशवी तशीच राहिली.

"त्याले सांगितलं होतं ना तू?"

"काय?"

"मी होळीले जे बोलली ते."

"तूच तं नको म्हणलीस बाई. शपथ घेतली मी."

राखीनं अजहरला फोन लावला. वाजत राहिला, कोणी उचलला नाही. खांबावर चढलेला माणूस फोन खाली मोटरसायकलच्या डिकीत ठेवतो, हे तिला ठाऊक होतं. तिनं पुन्हा लावला. मग रंगूकाकीला लावला. मागं भोंगे वाजत होते, तिनं एक कान बोटानं दाबून धरला.

"काकी, अजहर आला काय तिकडं?"

"आला ना. खालची लाइन पाडून तिथलं केलं अन् आत्ताच वर आला, दोन्हीकडचं झालं की खालची चालू करतो म्हणे. पाणी पेला. तं मी म्हणलं, जेवून घे, तं म्हणे काकी, आधी तार बांधतो."

"आता कुठं हाय?"

"ओढ्याकडच्या खांबापाशी. उपकेंद्रात फोन करून इचारलं त्यानं, तं ते म्हणाले बंद हाय म्हणून. मी म्हणलं, बाप्पा, आमच्याकडं तं—"

"काकी, तुमच्याकडं लाइट हाय?"

"अर्ध्या घरांत हाय ना. माह्या घरात तं पंखा फिरून राह्यला."

राखी उभी राहिली. लिंबाखालच्या सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं.

"काकी, पळ. त्याले म्हणा उतर. तारेले हात लावू नको म्हणा."

"तो तं चढला, पोरी. वर पोचलाच वाटते. हाक मारू काय?"

 अचानक हाक आली तर वरचा माणूस वळतो, हात जिथं सापडेल तिथं धरतो. हाक न मारावी तर तो समोरची तार धरतो.

"राखे? मारू काय हाक?"

"मार," राखी म्हणाली. "मार काकी, जोरानं मार."

काकी फोन हातात घेऊन धावली. चपलांचा आवाज, धाप, कुठल्याशा घरातला कुकर. मग काकीचा आवाज लांबून आला, "अजहर! ओ अजहर! लाइन चालू—" आणि त्यावर एक कडकडाट झाला, भर दुपारी वीज पडावी तसा. मग तांड्यातली सगळी कुत्री एकदम भुंकायला लागली. फोन जमिनीवर पडला असावा. बायकांचं ओरडणं ऐकू येत होतं, कोणीतरी म्हणत होतं, काठी आणा, वाळली काठी आणा, हात नका लावू.

सेवालाल तिच्या हातातून फोन घ्यायला लागला. तिनं सोडला नाही. त्यानं तिची बोटं एकेक करून उलगडली आणि फोन कानाला लावला. ऐकता ऐकता तो खाली धुळीत बसला. रूपालीला काही कळेना, ती नुसती विचारत राहिली, काय झालं, काय झालं हो.

मदनसिंगनं गाडीवाल्याला हाक मारली. पण यात्रेच्या गर्दीतून गाडी बाहेर काढायला इतका वेळ गेला की ते पोचले तेव्हा अजहरला कारंजाच्या दवाखान्यात नेऊन झालं होतं. व्हरांड्यात चांद खान भिंतीला टेकून उभे होते. नाजिया आत होती. सेवालाल त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिला. चांद खान म्हणाले, "बेटा, बंद थी ना लाइन? उन्होंने बोला था ना बंद है?"

सेवालालनं मागं राखीकडं पाहिलं.

राखी पुढं झाली. "चाचा," ती म्हणाली, "ते मी लिहिलं होतं. चुकीचं होतं ते. मले माहीत होतं."

 चांद खानांना ती काय म्हणाली ते समजलं की नाही, हे कोणाला कळलं नाही. आतून नाजियाचं रडणं वाढलं तसे ते आत गेले.

त्याच संध्याकाळी राखीनं विकास साहेबांना फोन करून सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती पोलीस ठाण्यात गेली आणि तेच पुन्हा सांगितलं. ठाण्यातल्या माणसानं तीनदा विचारलं, समरूप म्हणजे काय. तिनं तीनही वेळा दोन तांडे काढून दाखवले. उपकेंद्रातल्या ज्या पडद्यावर वीज बंद असल्याची खूण दिसत होती, तिथं अजूनही एकच तांडा होता.

अजहर चांद खान, राहणार कारंजा, वय सव्वीस, हा वरच्या तांड्याच्या ओढ्याकडच्या खांबावर विजेचा धक्का लागून बुधवारी, सतरा एप्रिल दोन हजार चोवीस रोजी, रामनवमीच्या दुपारी वारला.